गिऱ्हाइकाचा गुन्हा

लॉस एंजेलिस शहरात 'हॉलिवूड फॉरेव्हर' नावाची एक दफनभूमी आहे. गाजलेल्या नटनट्यांचे चिरविश्रांतीचे स्थान म्हणून तिची ख्याती. २००३ सालच्या जुलै महिन्यात तेथे एक निराळीच अंत्ययात्रा आली. शोकाकुल चेहरे होते, मृताच्या गुणांचे वर्णन करणारी भाषणे होती, सारे काही रीतसर होते. फक्त मयत झालेली होती ती एक मोटार. विजेवर चालणारी, 'ई. व्ही. वन' नावाची. ख्रिस पेन या दिग्दर्शकाचा 'हू किल्ड द इलेक्ट्रिक कार?' म्हणजे 'विजेच्या मोटारीचा खून कुणी केला?' हा २००६ सालचा अनुबोधपट या प्रसंगाने सुरू होतो, आणि पुढला दीड तास एखाद्या रहस्यकथेसारखा संशयितांच्या मागावर राहतो.

हा पट येऊन बरीच वर्षे लोटली. त्याची आज आठवण काढण्याचे कारण असे, की ज्या प्रश्नाचा तो तपास करतो तो प्रश्न आता आपल्या घरांत येऊन बसला आहे. पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यायला निघालेल्या कुटुंबात 'पेट्रोलची की विजेची?' या वादापायी एखादा तरी चहा थंड होतोच. आजोबा एका बाजूला, नातू दुसऱ्या बाजूला, आणि पैसे ज्याचे जाणार तो मध्ये गप्प. या मधल्या गप्प माणसाला पेनच्या पटाने काय न्याय दिला, एवढेच येथे पाहायचे आहे.

आधी कथानक. पॉल मॅकक्रेडी या कल्पक अभियंत्याच्या संस्थेने जनरल मोटर्ससाठी 'इम्पॅक्ट' नावाची विजेची मोटार तयार केली, आणि १९९० च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात ती लोकांपुढे आली. मोटार झकास धावते हे पाहून कॅलिफोर्निया राज्याच्या हवा-मंडळाने त्याच वर्षी फर्मान काढले, की मोठ्या कंपन्यांनी या राज्यात विकलेल्या मोटारींपैकी शेकडा दोन मोटारी १९९८ पर्यंत, आणि शेकडा दहा २००३ पर्यंत, धूर न सोडणाऱ्या असल्याच पाहिजेत. स्वतःच्या हुशारीचे प्रदर्शन करायला जावे आणि तेच सक्ती होऊन गळ्यात पडावे, असा हा प्रकार. कंपनीने १९९६ च्या अखेरीस ई. व्ही. वन रस्त्यावर आणली खरी. एकूण १,११७ गाड्या तयार केल्या. पण एकही विकली नाही. साऱ्या भाडेपट्ट्याने दिल्या. पुढे कंपन्या हवा-मंडळाविरुद्ध न्यायालयात गेल्या, वॉशिंग्टनच्या सरकारने कंपन्यांची बाजू उचलून धरली, २००३ मध्ये मंडळाने फर्मान सैल केले, आणि कंपनीने भाडेपट्टे संपताच गाड्या परत मागवून घेऊन त्यांतल्या बहुतेक चिरडून टाकल्या.

या शेवटच्या कृत्याचे दृश्य पटात आहे, आणि ते विसरता येत नाही. ॲरिझोनाच्या वाळवंटात तेव्हा कंपनीची मोटारी पारखण्याची मोकळी जागा होती. तिच्यावरून उडत्या कॅमेऱ्याने टिपलेले, एकावर एक रचलेले चपटे सांगाडे. निवेदकाने काही बोलण्याची गरज राहत नाही. नको असलेली वस्तू माणूस माळ्यावर टाकतो, भंगारवाल्याला देतो, फार झाले तर शेजाऱ्याच्या गळ्यात मारतो. चालू स्थितीतली वस्तू मुद्दाम मोडायला घेतो तेव्हा त्याच्या मनात काहीतरी असते, हे लहान मुलालाही कळते. पेनची दिग्दर्शक म्हणून जी काही ताकद आहे ती अशा वेळी दिसते. तो ओरडत नाही. मार्टिन शीनसारख्या भारदस्त नटाचा आवाज त्याने निवेदनासाठी घेतला आहे, पण त्या आवाजाकडूनही तो फार काम करून घेत नाही.

संशयित सात. गिऱ्हाईक, बॅटरी, तेल कंपन्या, मोटार कंपन्या, सरकार, हवा-मंडळ आणि उद्याच्या वायद्यावर जगणारी हायड्रोजनची मोटार. एकेकाची झडती होते आणि शेवटी निकाल लागतो. सातांपैकी एकटी बॅटरी निर्दोष सुटते. बाकी सहा दोषी. बॅटरीची सुटका मला मान्य आहे. पहिल्या गाड्यांतली शिशाची बॅटरी बेताचीच होती हे खरे, पण नंतरच्या गाड्यांत निकेलची बॅटरी आली आणि एका दमात शंभर मैलांपलीकडे जाण्याची सोय झाली. सामान्य अमेरिकन माणूस दिवसाकाठी तीसएक मैल फिरतो. एड बेग्ली या नटाने अंत्यविधीच्या भाषणात खवचटपणे सांगितलेच आहे, की टीकाकारांचे खरे आहे, ही मोटार सगळ्यांची गरज भागवू शकत नाही. शंभरातल्या फक्त नव्वदांची भागवते.

मला अडचण आहे ती पहिल्या आरोपीच्या शिक्षेबद्दल. गिऱ्हाईक दोषी! का? तर त्याला मोटारीची माहिती नव्हती, माहिती करून घेण्याची इच्छा नव्हती, आणि त्याचा ओढा धिप्पाड, पेट्रोल पिणाऱ्या गाड्यांकडे होता. आता यातला शेवटचा मुद्दा पटच पुढे स्वतः खोडून काढतो. २००३ साली अमेरिकेच्या करकायद्याने धंद्यासाठी घेतलेल्या जाड्याजुड्या वाहनावर एक लाख डॉलरपर्यंत वजावट देऊ केली, आणि विजेच्या मोटारीवरची सवलत मात्र जास्तीत जास्त चार हजार डॉलर. हे आकडे पटात येतात ते सरकारच्या आरोपपत्रात. मग तोच पुरावा गिऱ्हाइकाच्या बचावात का धरू नये? ज्या दुकानात एका वस्तूवर लाखाची सूट आणि दुसरीवर चार हजारांची, तेथे गिऱ्हाइकाची आवड कोणती हे ठरवणे कठीण आहे. ती त्याची आवड की दुकानदाराची?

माहिती नव्हती म्हणावे तर ती देण्याचे काम कुणाचे होते? ई. व्ही. वनची एक जाहिरात १९९६ साली दूरचित्रवाणीवर झळकली. तिच्यात घराघरांतली विजेची उपकरणे आपापल्या जागा सोडून रस्त्यावर येतात आणि आपल्या या नव्या भावंडाचे स्वागत करतात. कल्पना मोठी गोड आहे, आणि तिच्यात एक सत्यही दडलेले आहे: ही मोटार पेट्रोलच्या मोटारीची चुलत बहीण नसून घरातल्या इस्त्रीची आणि पंख्याची सख्खी बहीण आहे. रात्री आपल्याच भिंतीतल्या विजेवर तिची भूक भागते. परंतु जाहिरात पाहून उठलेल्या गृहस्थाने विचारावे, 'ही मला विकत मिळेल का?', तर उत्तर नाही. 'माझ्या गावी मिळेल का?' बहुधा नाही. सुरुवातीला ती कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या दोन राज्यांतच दिली जात होती. 'बायको आणि दोन मुले बसतील का?' तेही नाही, कारण मोटारीत जागाच दोघांना! पट या शेवटच्या गोष्टीवर रेंगाळत नाही, याचे मला नवल वाटते. कुटुंबवत्सल माणसाने दोनच जागांची मोटार नाकारली तर त्याला पर्यावरणाचा वैरी ठरवण्याचे कारण नाही. तो फक्त मुलांना शाळेत पोचवण्याचा विचार करीत असतो.

आणि मग तो यादीचा मामला. पट आला तेव्हा कंपनीच्या प्रवक्त्याने आपली बाजू मांडली, की चार वर्षांत केवळ आठशे गाड्या भाडेपट्ट्याने गेल्या, आणि पाच हजार उत्सुकांच्या यादीतून प्रत्यक्ष करार करायला तयार झाले अवघे पन्नास. उलट, चेल्सी सेक्स्टनसारखी मंडळी सांगतात की इच्छुकाला आधी मोटारीतली वैगुण्येच ऐकवली जात. ही बाई ही मोटार लोकांना देण्याचेच काम करीत असे. पटात ती इतक्या मनापासून बोलते, की निम्मा पट तिनेच तोलून धरला आहे असे म्हटले तरी चालेल. हे पाच हजारांतले पन्नास म्हणजे साऱ्या खटल्याचे मर्मस्थान. ती चार हजार नऊशे पन्नास माणसे कोण होती? त्यांनी नाव नोंदवले तेव्हा त्यांच्या मनात काय होते, आणि नाही म्हटले तेव्हा काय? एकाने भाड्याचा आकडा ऐकून फोन ठेवला असेल, दुसऱ्याला वाटेत बॅटरी संपण्याचे भय वाटले असेल, तिसऱ्याच्या घरी मोटार उभी करायला स्वतःची जागा नसेल. यांच्यातले पाचजण जरी कॅमेऱ्यापुढे बसवले असते तरी हा पट चांगल्याचा थोर झाला असता. पेन बसवतो ते मोटारीच्या प्रेमात पडलेल्यांना. तो स्वतःही त्यांच्यातलाच. त्याच्याकडे ही मोटार होती. म्हणून बाहेरून गुप्तहेरकथा दिसणारा हा पट आतून विरहकथा आहे. विरहकथा म्हणून तो सुंदरच आहे. २००५ साली बरबँक येथे कंपनीच्या आवारात अखेरच्या अठ्ठ्याहत्तर गाड्या उभ्या होत्या. या लोकांनी बाहेर दिवसरात्र पहारा केला, आणि एकोणीस लाख डॉलर देऊ केले. कंपनीने ते घेतले नाहीत. हीसुद्धा गिऱ्हाइकेच ना? मग दोषी ठरवले ते गिऱ्हाईक कोणते? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात त्यातला प्रकार. आणि हा संन्यासी तर हातात पैसे घेऊन दारात उभा!

गिऱ्हाइकाच्या मनाचा एक जुना कोपरा या पटाने नुसता दाखवला आणि पुढे पाऊल टाकले. विजेची मोटार काही नवी नव्हे. अमेरिकेत १९०० साली तयार झालेल्या ४,१९२ मोटारींपैकी १,५७५ विजेच्या होत्या. पेट्रोलच्या होत्या ९३६. बाकीच्या वाफेच्या. विजेची मोटार आवाज करीत नसे, वास मारीत नसे, आणि चालू करताना तिला समोरून दांडा घालून गरगर फिरवावा लागत नसे. साहजिकच श्रीमंत घरांतल्या स्त्रियांनी ती आपली मानली. ज्याच्या स्वस्त पेट्रोल-मोटारीने पुढे विजेच्या मोटारीचा बाजार उठवला त्या हेन्री फोर्डच्या घरी त्याची पत्नी क्लारा कोणती मोटार चालवीत असे? १९१४ सालची 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक'. पण एकदा 'बायकांची गाडी' असे नाव पडले की पुरुष तिच्यापासून चार हात दूर राहतात. आपल्याकडे स्कूटीचे काय झाले ते आठवावे. घरात तीच सोयीची असते, पण कोपऱ्यावर मित्र भेटण्याचा संभव असला की चिरंजीव मोटारसायकलच काढतात. १९१२ साली कॅडिलॅकमध्ये बटणावर चालू होणारे यंत्र बसले आणि पेट्रोलच्या गाडीचा दांडाही गेला. मग विजेच्या मोटारीकडे सांगण्यासारखे राहिले ते एवढेच, की ती शांत आहे. आणि शांतपणा हा गुण बाजारात फारसा खपत नाही. गिऱ्हाईक वस्तू घेताना लोकांच्या नजरेत आपण कसे दिसू हेही विकत घेत असते. गिऱ्हाइकावर खटलाच भरायचा तर या कलमाखाली भरायला हवा होता. पेनने ते कलम लावलेच नाही.

ई. व्ही. वनच्या गाड्या चिरडल्या जात होत्या त्याच सुमारास दुसरीकडे काय घडत होते? बंगलोरला चेतन मैनी यांनी २००१ साली 'रेवा' बाजारात आणली. हे मैनी मिशिगन विद्यापीठात शिकत असताना जनरल मोटर्सनेच भरवलेल्या सौरमोटारींच्या शर्यतीत विद्यापीठाच्या संघात होते, हा योगायोग मजेदार आहे. रेवा म्हणजे ई. व्ही. वनपुढे अगदीच गरीब नातलग. पुढे दोन मोठी माणसे, मागे दोन मुले, शिशाच्या बॅटऱ्या, बेताचा वेग. मोटारींवर लिहिणाऱ्या इंग्रज पंडितांनी तिची यथेच्छ टिंगल केली. पण लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी मोटार नेण्याचा रोजचा पाच पौंड कर सुरू झाला होता आणि विजेच्या मोटारीला तो माफ होता. 'जी-विझ' या नावाने तेथे गेलेली ही बंगलोरची पोर हजाराच्या घरात खपली. पंडितांना हसू आले, गिऱ्हाइकाने हिशेब केला.

नॉर्वेची गोष्ट तर एखाद्या फार्सात शोभावी. १९८९ मध्ये 'आ-हा' या संगीतवृंदातला गायक मॉर्टन हार्केट आणि त्याचे पर्यावरणवादी दोस्त यांनी एक विजेवर चालणारी केलेली फियाट पांडा देशात आणली आणि पथकर न भरता ते खुशाल नाक्यांवरून फिरू लागले. दंड झाले, गाडी जप्त होऊन लिलावात निघाली. पण हळूहळू सरकारच वाकले: आयातकर १९९० मध्ये गेला, पथकर १९९७ मध्ये, मूल्यवर्धित कर २००१ मध्ये. थंडीत बॅटरीची ताकद घटते. नॉर्वेत थंडीला तोटा नाही. तरीही २०२४ साली तेथे विकल्या गेलेल्या नव्या मोटारींत शंभरातल्या जवळजवळ ८९ निव्वळ विजेच्या होत्या. नॉर्वेचा माणूस अमेरिकन माणसाहून अधिक पुण्यवान आहे असे मला वाटत नाही. त्याला पेट्रोलची मोटार महाग पडते, एवढेच.

आपल्या देशात तर या खटल्याचा निकाल उलटाच लावावा लागेल. येथे विजेचे वाहन पहिल्याने मोठ्या संख्येने कुणी घेतले? सायकलरिक्षा ओढून छाती भरून आलेल्या माणसाने. २०१० च्या सुमारास दिल्लीच्या रस्त्यांवर विजेच्या रिक्षा दिसू लागल्या. त्यांची जाहिरात नव्हती, सवलत नव्हती. कायद्यात त्यांना नावसुद्धा नव्हते. बॅटरी शिशाची, म्हणजे ई. व्ही. वनच्या पहिल्या गाड्यांना होती त्याच जातीची. रात्री कुठल्या तरी छपराखाली, कधी कधी चोरूनही, वीज भरायची आणि सकाळी स्टेशनाबाहेर उभे राहायचे. दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०१४ च्या जुलैअखेर त्यांच्यावर बंदी घातली. २०१५ मध्ये मोटारवाहन कायदा बदलून त्यांना मान्यता द्यावी लागली. म्हणजे गिऱ्हाईक पुढे आणि सरकार मागून धावते आहे, असा देखावा. २०२३ साली भारतात खपलेल्या तीनचाकींत निम्म्याहून अधिक विजेच्या होत्या. मोटारींत मात्र २०२४ मध्येही विजेचा वाटा शंभरात दोन-अडीचच. शिकल्यासवरलेला मोटारवाला अजून चर्चा करतो आहे आणि रिक्षावाला कधीच निघून गेला.

मोटारवाल्याची आणि स्कूटरवाल्याची चर्चा अगदीच फोल असते असे मात्र नाही. २०२२ च्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली, आणि तिचे चित्रण दोन दिवसांत देशभर लोकांनी पाहिले. त्यानंतर एखाद्या आईने मुलाला 'थांब जरा' म्हटले असेल तर ते अज्ञान नव्हे. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने दुचाकींवरची सवलत कापली. मे महिन्यात लाखाच्या वर गेलेली विजेच्या दुचाकींची नोंदणी जूनमध्ये निम्म्याच्याही खाली आली. किंमत चढणार म्हणून मेमध्ये लोकांनी घाई केली हेही त्यात आहेच. पण घाई करणारा आणि थांबणारा दोघेही तोच हिशेब करीत होते. शिवाय आपल्याकडे बहुतेकांना स्वतःचे आवार नाही. चौथ्या मजल्यावरच्या माणसाने खाली पार्किंगमध्ये वीज न्यायची तर सोसायटीच्या सभेत ठराव आला, मीटर कुणाच्या नावे हा वाद आला, आणि 'आज याला दिले तर उद्या सगळे मागतील' असे म्हणणारे एक सभासद आलेच. वाटेत बॅटरी संपण्याच्या भयावर पुष्कळ लिहिले जाते; या सभासदांवर कुणी लिहीत नाही.

पेनने २०११ मध्ये या पटाचा उत्तरार्ध काढला, 'रिव्हेंज ऑफ द इलेक्ट्रिक कार'. सूड उगवायला विजेची मोटार परत आली आहे, आणि पडद्यावर आहेत जनरल मोटर्सचे बॉब लुट्झ, निसानचे कार्लोस घोन आणि टेस्लाचे इलॉन मस्क. त्यांच्या जोडीला जुन्या गाड्यांत विजेची यंत्रे बसवणारा ग्रेग ॲबट नावाचा एक कारागीर. त्याच्या कारखान्याला आग लावली जाते तो भाग हृदयाला भिडतो, कारण तेथे एक तरी साधा माणूस दिसतो. बाकी सारी बड्या साहेबांची धावपळ. पहिल्या पटात जो आरोपी होता त्याला दुसऱ्या पटात साक्षीलाही फारसे बोलावलेले नाही. पहिला पट मात्र घरातल्या सर्वांनी मिळून जरूर पाहावा, आणि निकालाच्या पाट्या पडद्यावर येऊ लागल्या की क्षणभर थांबवून प्रत्येकाने आपापला निकाल आधी सांगावा. दुसरा, वेळ उरला तर.